चावी ओके, गाडी ओके

"मॅडम, एवढंच लिहून द्या. चावीत काही फॉल्ट नाही. बाकी घरचं मी बघतो."

संदेश तावडेने चावी माझ्या टेबलावर सरकवली. त्याचे वडील पाच पावलांवर कस्टमर लाउंजच्या सोफ्यावर बसले होते. हातात आमच्या मशीनची कॉफी होती, पण पीत नव्हते. त्यांना आमचं सगळं बोलणं ऐकू येत होतं, आणि येत नाही असं दाखवत ते समोरच्या बंद टीव्हीकडे बघत होते.

"लिहून कशाला हवंय?" मी विचारलं.

"त्यांना दाखवायला. माझं ऐकत नाहीत. जिंदगीभर ड्रायव्हर होते ना, वर्कशॉपच्या कागदावर त्यांचा विश्वास आहे. एकदा कबूल झाले की हे आपल्याच हातून होतंय, की गाडी मी मुलुंडला नेतो. आईला फिजिओला न्यायला रिक्षावाला ठरवून देतो."

म्हणजे माझ्या एका ओळीने एका माणसाचं ड्रायव्हिंग बंद होणार होतं. मी पेन उघडलं होतं, ते परत बंद केलं.

आधी माझं काम सांगते. मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कार डीलरच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. कस्टमर आणि मेकॅनिक यांच्या मधला दुभाषी म्हणा हवं तर. कस्टमर म्हणतो, "पुढून खडखड वाजतंय." मी लिहिते, "सस्पेन्शन चेक करा." मेकॅनिक म्हणतो, "बुश गया है." मी कस्टमरला सांगते, "एक रबर झिजलंय, घाबरू नका." हे सगळं ज्या कागदावर होतं ते जॉबकार्ड. डॉक्टरकडे केसपेपर असतो ना, तसा हा गाडीचा केसपेपर. त्यात शेवटी रिमार्क नावाचा रकाना असतो. त्यात मी जे लिहून सही करते ते वर्कशॉपचं मत धरलं जातं. माझ्या रिमार्कवरून लोक इन्शुरन्सवाल्याशी भांडलेत, भावाभावांत वाद झालेत. बापाच्या हातातली चावी काढून घ्यायला रिमार्क मागणारा हा पहिलाच.

आता चावीचं. हल्लीच्या गाड्यांना जी चावी येते तिला आम्ही स्मार्ट की म्हणतो. कुठे घालायची नाही, फिरवायची नाही. खिशात असली की पुरे. तुम्ही दाराच्या हँडलला हात लावला की गाडी विचारते, चावी जवळ आहे का? चावी म्हणते, आहे. दार उघडतं. आत बसून बटण दाबलं की परत तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि गाडी चालू. हे उत्तर द्यायला चावीत एक चपटा सेल असतो. नाण्याएवढा. त्याच्यावर २०३२ लिहिलेलं असतं. म्हणजे वीस मिलिमीटर रुंद आणि तीन पूर्णांक दोन मिलिमीटर जाड, बाकी त्यात गूढ काही नाही. हा सेल साधारण दीड-दोन वर्षं आरामात चालतो.

तावडेंच्या चावीत मी तीन महिन्यांत तीन सेल घातले होते.

सेल बदलणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. चावीच्या बाजूला छोटा खटका असतो, तो दाबला की पोटातून एक पातळ लोखंडी चावी बाहेर येते. तिच्या जागी फट दिसते. त्या फटीत कापड गुंडाळलेला स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच पिळायचं, चावीचे दोन भाग होतात. जुना सेल काढायचा, नवा घालायचा, अधिकची बाजू बरोबर ठेवायची, बोटांचा घाम लागू नये म्हणून कडेने धरायचा. टक् करून बंद. तिन्ही वेळा मी हेच केलं, जॉबकार्डवर "चावीचा सेल बदलला" लिहिलं आणि तावडेकाकांना हसून टाटा केला. असं का होतंय, हा प्रश्न तिसऱ्या वेळीसुद्धा मला पडला नाही. बिझी होते. आपण सगळेच बिझी असतो, गाढव ठरेपर्यंत.

चौथ्या वेळी, मंगळवारी, काका कांदिवलीला फिजिओथेरपिस्टच्या दारात अडकले. बरोबर काकू. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, हातात वॉकर. गाडी उघडेना. भर दुपारी चाळीस मिनिटं त्या एका मेडिकलच्या पायरीवर बसल्या. संदेशला ऑफिस सोडून मुलुंडहून यावं लागलं, दुसरी चावी घेऊन. त्या दिवशी त्याने चावी आमच्याकडे टाकली आणि सांगितलं, हिला काय टेस्ट करायचं ते करा. आज गुरुवारी तो निकाल न्यायला आला होता.

निकाल त्याच्या बाजूचा होता. आमचा इलेक्ट्रिशियन अनिस या कामात वीस वर्षं मुरलेला माणूस. त्याने चावी मीटरला लावली, उघडून सर्किट बघितलं, नवा सेल घालून दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवली. सेल होता तसाच. "मॅडम, चाबी एकदम तंदुरुस्त है," त्याने सांगितलं.

"बघा," संदेश म्हणाला. "तुमच्याकडे सेल उतरत नाही. माझ्याकडे दुसरी चावी आहे, दीड वर्षात तिचा सेल एकदाही बदललेला नाही. फक्त बाबांकडे उतरतो. मग काय समजायचं? आईचं ऑपरेशन झाल्यापासून ते टेन्शनमध्ये आहेत. चावी हातात घेऊन बसतात, बटणं दाबत राहतात आणि विसरून जातात. आज चावी विसरतायत, उद्या ब्रेक विसरले तर?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला भीती वाटते मॅडम. खरंच वाटते. मला काय हौस आहे बाबांची गाडी काढून घ्यायची?"

पोरगा वाईट नव्हता. स्वतःच्या नावावर लोन काढून त्यानेच बापाला गाडी घेऊन दिली होती. आणि त्याचं गणित बरोबर दिसत होतं. मला त्यात चूक सापडत नव्हती, म्हणून मला राग येत होता.

"तुम्ही कॉफी घ्या," मी त्याला म्हटलं, आणि उठून काकांशेजारी जाऊन बसले.

तावडेकाका बहात्तरचे. काडीसारखे बारीक, शर्ट कडक इस्त्रीचा, खिशाला पेन. मूळचे मालवणकडचे. विक्रोळीच्या एका मोठ्या कंपनीत चौतीस वर्षं साहेबांची गाडी चालवली. माझ्याशी मराठी बोलायचे, पण मन हललं की मालवणी यायची.

"काका, एक विचारू? रागावू नका."

"विचार गे बाय."

"चावी हातात घेऊन बसता का? बटणं दाबली जातात का?"

त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिल्यांदा तू सेल बदललंस तेव्हा गाडी अकरा हजार चारशे सहावर होती. दुसऱ्यांदा अकरा हजार नऊशे बारा. तिसऱ्यांदा बारा हजार दोनशे एकोणऐंशी. त्या दिवशी तुझो कंप्युटर बंद होतो, म्हणून तू हाताने लिहिलंस. आता सांग, मी काय येडो झालंय?"

मी टेबलावर जाऊन सिस्टीम उघडली. पहिला आकडा बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा बारा हजार दोनशे सत्त्याण्णव. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग फाइलमधून हाताने लिहिलेलं जॉबकार्ड काढलं. त्यावर माझ्याच अक्षरात होतं, बारा हजार दोनशे एकोणऐंशी. सिस्टीममध्ये चढवताना मी चुकले होते.

म्हणजे या प्रकरणात विसराळू माणूस एकच निघाला होता, आणि त्याच्या टेबलावर माझ्या नावाची पाटी होती.

मी परत काकांकडे गेले. चावी घेऊन खटका दाबला आणि आतली लोखंडी चावी ओढून दाखवली. "ही माहीत आहे?"

काकांनी ती दोन बोटांत धरली, उलटीसुलटी केली. "ही खय होती?"

"चावीच्या पोटात. सेल संपला तर हिने दार उघडायचं. मग ही मेलेली चावी स्टार्ट बटणाला टेकवायची आणि बटण दाबायचं. गाडी चालू होते. आत एक चिप असते, तिला सेल लागत नाही."

"म्हणजे मंगळवारी..."

"मंगळवारी काकूंना पायरीवर बसायची गरज नव्हती. डिलिव्हरीच्या दिवशी तुम्हाला हे कोणी सांगितलं नाही?"

"त्या दिवशी मी टायराखाली लिंबू ठेवत होतो. तुमच्या माणसाने संदेशला काय ते इंग्लिशमध्ये सांगितलं."

गाडी ज्याच्या नावावर त्याला डेमो. चालवणारा कोण, हे आम्ही विचारलंच नव्हतं. मला लाज वाटली. काका मात्र त्या लोखंडी चावीकडे बघून खूश झाले होते. "चौतीस वर्षा असल्या चावयेन गाड्यो चालवलंय मी," ते म्हणाले, आणि ती स्वतःच आत सरकवून टक् केली.

मी संदेशला सांगितलं, "शनिवारी लिहून देते. आधी मला तुमचं घर बघायचंय."

"घर? घराचा काय संबंध?"

"सेल आमच्याकडे उतरत नाही, तुमच्याकडे मुलुंडला उतरत नाही. उरलं काय? एक तुमचे बाबा आणि एक त्यांचं घर. बाबांना आत्ता तपासलं. ते ओके आहेत."

देसाईसर, आमचे वर्क्स मॅनेजर, हे केबिनच्या दारातून ऐकत होते. तावडे गेल्यावर म्हणाले, "वैशाली, लिहून टाक ना. चावी ओके, गाडी ओके. विषय संपला. चावीच्या सेलसाठी घरी जाणार तू? आपण वर्कशॉप चालवतो, सत्यनारायणाला जात नाही."

"प्रसाद मिळाला तर तुमच्यासाठी आणते, सर."

"लंच टाइममध्ये जा."

तावडेंचं घर वर्कशॉपपासून दहा मिनिटांवर. चारकोपच्या सेक्टरमधली बैठ्या घरांची ओळ, तिच्यातलं कोपऱ्यातलं घर. पुढे तुळस, बाजूला अरुंद गल्ली. शनिवारी मी पोचले तेव्हा संदेश दारात उभा होता. काका काकूंना घेऊन फिजिओहून येतच होते. चावीत अनिसने घातलेला नवा सेल होता.

गाडी गल्लीत शिरली. माणूस कसा चालवतो हे मला दहा फुटांत कळतं, सव्वीस वर्षांत हजारो लोकांना गेटमधून आत येताना बघितलंय. काकांनी एका झटक्यात गाडी घराच्या भिंतीला समांतर लावली. भिंतीच्या बाजूला त्यांचं दार, मध्ये एक माणूस आडवा होऊन निघेल एवढीच जागा. दुसरी बाजू काकूंच्या वॉकरसाठी मोकळी. ब्रेक विसरणाऱ्याचं काम नव्हतं ते.

"गाडी नेहमी इथेच लावता?" मी विचारलं.

"आधी पुढे मैदानाकडे लावायचो," काका काकूंना हात देत म्हणाले. "हिचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून इथे. हिला दहा पावलांपेक्षा जास्त चालवत नाही ना."

हे ऐकून माझे कान टवकारायला हवे होते. नाही टवकारले. मी आपली घरात टीव्ही कुठे, वायफायचं खोकं कुठे, याचा विचार करत होते, कारण असल्या वस्तूंजवळ चावी ठेवली तरी सेल लवकर उतरतो.

काकांनी हँडलवरचं बटण दाबून गाडी लॉक केली. दोन्ही साइड मिरर मिटले. काकूंना धरून ते पुढच्या दाराने आत गेले, मागोमाग संदेश. मी पण जाणार, तेवढ्यात देसाईसरांचा फोन आला. एका कस्टमरची गाडी तयार होती आणि बिल सापडत नव्हतं. मी गल्लीतच गाडीसमोर उभी राहून बोलत होते. आतून नळाचा आवाज आला, काका पाय धूत असावेत. मग घंटा वाजली, छोटी, देवाची.

आणि माझ्यासमोर गाडीचे दोन्ही मिरर उघडले.

गाडीजवळ कोणी नव्हतं. मी दोन पावलं लांब होते आणि माझ्याकडे चावी नव्हती. "सर, नंतर करते," म्हणून मी फोन ठेवला.

या गाड्यांना एक सोय असते. मालक चावी घेऊन जवळ आला की गाडी आपणहून मिरर उघडते. स्वागत म्हणून. म्हणजे गाडीला चावी जवळ आल्याचं कळलं होतं.

मी भिंत आणि गाडीच्या मधल्या फटीत शिरले आणि ड्रायव्हरच्या दाराचं हँडल ओढलं. दार उघडलं.

दाराशी जाऊन हाक मारली, "काका, चावी कुठे आहे आत्ता?"

"ठेवली देवाकडे."

आत गेले. बाहेरच्या खोलीत, गल्लीच्या बाजूच्या भिंतीला टेकून देव्हारा. गणपती, शेजारी गावच्या देवाचा टाक, समोर निरांजन. आणि त्यांच्या पायाशी, ताम्हनात, दोन फुलांच्या मध्ये, चावी. भिंतीच्या पलीकडे ड्रायव्हरचं दार. मध्ये जेमतेम दोन हात अंतर.

"रोज इथेच ठेवता?"

"रोज म्हणजे, घरी आलो की इथेच," काका म्हणाले. "माझ्या उस्तादाने शिकवलेलं. गाडीने दिवसभर सांभाळलं, आता चावी देवाकडे. परत निघताना देवाकडून मागून घ्यायची. चौतीस वर्षं कंपनीच्या चावीला पण हेच केलं. कधी कुठे गाडी घासली नाही."

"काका, आता ती उचला आणि पार मागे स्वयंपाकघरात घेऊन जा. संदेश, तुम्ही माझ्याबरोबर बाहेर या."

बाहेर जाऊन मी दार लोटून बंद केलं. काकांना ओरडून सांगितलं, चावीवरचं लॉकचं बटण एकदा दाबा आणि तिथेच थांबा. गाडी लॉक झाली. संदेशला म्हटलं, "हँडल ओढा." ओढलं. दार उघडलं नाही. "काका, आता चावी देवाकडे ठेवा." आतून काकांची पावलं आली. मिरर उघडले. "आता ओढा."

दार उघडलं. संदेश हँडल धरून तसाच उभा राहिला.

"ही घरी असली की पूर्ण वेळ उघडीच असते," मी सांगितलं. "गल्लीतून जाणारा कोणीही बसू शकला असता. तुमच्या बाबांनी बटणं दाबली नाहीत. गाडी भिंतीपलीकडून विचारत राहते, चावी आहेस का? आणि चावी देव्हाऱ्यातून उत्तर देत राहते, आहे, आहे. दिवसरात्र. सेल काय करणार? ड्रॉवरमध्ये तो नुसता पडून होता. मुलुंडला तर गाडीच नाही."

"पण पहिलं वर्षभर काही झालं नाही."

"पहिलं वर्षभर गाडी मैदानाकडे होती."

हे मी त्याला ऐटीत सांगितलं खरं, पण काकांनी मला तेच अर्ध्या तासापूर्वी सांगितलं होतं.

आम्ही आत आलो. काकू खुर्चीवर बसून गुडघ्यांवर बर्फाची पिशवी धरून होत्या. सगळं ऐकून झाल्यावर शांतपणे म्हणाल्या, "गाडी कान हलवते, हे मी कधीपासून सांगतेय."

"काय?" संदेश म्हणाला.

"ह्यांनी घंटा वाजवली की गाडी कान हलवते. मी इथे बसून खिडकीतून बघते की रोज. तुला फोनवर सांगितलं, तर तू म्हणालास, आई, गोळ्यांची गुंगी असेल. ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, देवाला नमस्कार करत असेल. मग मी गप्प बसले."

काका देव्हाऱ्याकडे तोंड करून म्हणाले, "करी होती नमस्कार. माका तर तसाच वाटला."

"बाबा, मला का नाही सांगितलंत?" संदेशने विचारलं.

काका वळले. "तुला सांगू? तू आधीच म्हणत होतास, बाबा विसरतायत. त्यात मी सांगू, गाडी देवाला नमस्कार करते? त्याच दिवशी चावी काढून घेतली असतीस." मग हळू म्हणाले, "चावी गेली की ड्रायव्हर संपला, बाबू. मग नुसतो म्हातारो रवता."

संदेश खाली बघत होता. त्याचे डोळे भरले होते, आणि तो ते बिचारा माझ्यापासून लपवत होता, जणू मी आरटीओची इन्स्पेक्टर. "सॉरी बाबा," तो म्हणाला. काकांनी त्याच्या पाठीवर एक थाप मारली, जरा जोरातच. हिशेब मिटला.

आता पुढचा प्रश्न, देव हलवायचा की गाडी. गाडी मैदानाकडे नेली तर काकूंनी चालायचं किती? देव्हारा दुसऱ्या भिंतीला न्यावा असं संदेशने सुचवलं, तर काकू म्हणाल्या, "देवाक हलवूचो नाय. माझ्या गुडघ्यासाठी गाडी भिंतीला आणली, तर तिने ह्यांच्या डोक्यावर संशय आणला. आता देव हलवून आणखी काय आणता?" मी सांगितलं, चावी स्वयंपाकघरात खुंटीला अडकवा, झालं. पण चौतीस वर्षांची सवय खुंटीला कशी अडकवायची, हे काकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

काकांनी ताम्हनातून चावी उचलली. मग अंगठ्याने खटका दाबला, आतली लोखंडी चावी ओढून काढली, कपाळाला लावली आणि फुलांच्या मध्ये ठेवली. उरलेला प्लास्टिकचा रिमोट त्यांनी संदेशच्या हातात दिला.

"ही देवाची. लोखंडाची, बोलत नाय कोणाशी," ते म्हणाले. "ती बडबडी स्वयंपाकघरात टांग. सकाळी दोघींना परत एक करायचं."

मी सव्वीस वर्षं या धंद्यात आहे. कंपनीची ट्रेनिंगं केलीत, भिंतीवर तीन सर्टिफिकेटं आहेत. हे मला सुचलं नव्हतं.

मग काकूंनी सोलकढी दिली. ती पिऊन झाल्यावर मी बॅगेतून नवा सेल काढून टेबलावर ठेवला. "काका, अनिसने घातलेला दोन दिवस इथे बडबडून अर्धा झाला असेल. बदलूया. तुम्ही बदला." त्यांनी चष्मा लावला, माझा स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याला रुमाल गुंडाळला. सेल कडेने धरला. हात जरासुद्धा थरथरला नाही. टक् झालं तेव्हा संदेश सुटल्यासारखा हसला.

"मॅडम, ते लिहून देणार होता," जाताना तो म्हणाला. "राहू द्या आता."

"का? सांगितलंय तर देणार."

जॉबकार्ड बॅगेत होतंच. रिमार्कच्या रकान्यात लिहिलं, "चावी ओके. गाडी ओके. तावडे ओके." खाली सही केली, तारीख घातली, आणि संदेशला न देता काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. घडी करून शर्टाच्या खिशात पेनाच्या मागे ठेवलं.

सोमवारी देसाईसरांनी ऑफिस कॉपी बघितली. "वैशाली, हे तावडे ओके कुठल्या कोडमध्ये टाकायचं?"

"कोड नाहीये, सर. काढा एक."

"प्रसाद मिळाला का?"

"सोलकढी मिळाली. तुमच्यापर्यंत टिकली नसती."

त्यानंतर आठ महिने झाले. काका गेल्या आठवड्यात सर्व्हिसिंगला आले होते, स्वतः चालवत. सेल तोच, त्या शनिवारी त्यांनी घातलेला. मीटरवर अजून दणदणीत दाखवत होता. बाजूच्या सीटवर काकू, वॉकर नाही, नुसती काठी. गाडीची कागदपत्रं बघताना कप्प्यातून आरसी बुक काढलं, तर त्याच्यावर माझं जॉबकार्ड, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेलं. "पोलिसान अडवल्यान तर दाखवूक," काका म्हणाले.

आमच्या जॉबकार्डवर गाडीचं सगळं विचारलेलं असतं. किती चालली, कुठे वाजते, शेवटचं ऑइल कधी बदललं. माणूस गाडीशी घरी कसा वागतो याला रकाना नाही. म्हणून मी आता समासात लिहून घेते. सेल उतरला म्हणून कोणी आलं की पहिला प्रश्न, चावी घरी कुठे ठेवता? दुसरा, गाडी कुठे लावता? बहुतेक पुरुष दोन्ही उत्तरं छातीठोकपणे देतात. मग मी घरी फोन लावून त्यांच्या बायकोला विचारते आणि ते लिहून घेते.